कुलगुरू आशुतोष मुखर्जी

विद्यापीठ म्हटले की अध्यापकांची व्याख्याने, ग्रंथांनी भरलेली कपाटे आणि रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असलेल्या प्रयोगशाळा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु हिंदुस्थानातील आरंभीची विद्यापीठे अशी नव्हती. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी तीन विद्यापीठे स्थापन झाली, ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेली होती. अभ्यासक्रम ठरवावा, परीक्षा घ्यावी, निकाल लावावा आणि पदव्या द्याव्या, एवढेच त्यांचे मुख्य काम. शिकविण्याचा भार महाविद्यालयांनी वाहावा आणि नवे ज्ञान शोधण्याचे कार्य युरोपातील पंडितांनी करावे, अशीच जणू वाटणी झाली होती. एम्. ए.ची पदवी हातात पडली की हुशार विद्यार्थी वकिली करी, नाही तर सरकारी नोकरी पत्करी. विद्येच्या वाटेने आणखी पुढे जावे असे एखाद्याच्या मनात आले, तरी ती वाट तेथेच संपत असे.

ज्या मनुष्याने कलकत्ता विद्यापीठापुरती ही स्थिती पालटून टाकली, त्याच्या स्वतःच्या वाटेवरही याच ठिकाणी भिंत उभी राहिली होती. त्याचे नाव आशुतोष मुखर्जी.

आशुतोषांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यात झाला. त्यांचे वडील गंगाप्रसाद हे भवानीपूर भागातील नावाजलेले डॉक्टर. घरच्या मातांना आरोग्याचे ज्ञान मातृभाषेत मिळावे म्हणून बंगालीत ग्रंथ लिहिणारे ते सुविद्य गृहस्थ होते. मातोश्री जगत्तारिणीदेवी मोठ्या करारी स्वभावाच्या होत्या. मुलाच्या बुद्धीची चमक गंगाप्रसादांनी लवकर ओळखली आणि त्याच्या शिक्षणात काही उणे पडू दिले नाही. पहाटे उठून वाचनाला बसण्याची जी सवय या घरात लागली, ती पुढे न्यायाधीश झाल्यावरही सुटली नाही. आशुतोष लहान असताना पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांची व त्यांची गाठ पडली आणि विद्यासागरांनी त्या चुणचुणीत मुलाला रॉबिन्सन क्रूसोचे पुस्तक भेट दिले. त्या एका पुस्तकापासून वाढत गेलेला त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे केवढा झाला, ते शेवटी येईलच.

१८७९ साली ते प्रवेश परीक्षेत दुसरे आले आणि प्रेसिडेन्सी महाविद्यालयात दाखल झाले. गणित हा त्यांचा जीव की प्राण. महाविद्यालयात पहिल्याच वर्षी असताना युक्लिडच्या एका सिद्धान्ताची त्यांनी नवी सिद्धता शोधून काढली आणि ती इंग्लंडमधील एका गणितविषयक नियतकालिकात छापून आली. सोळा-सतरा वर्षांच्या एका हिंदी मुलाने घरी बसून केलेले हे काम होते. आपण केलेले गणित साता समुद्रांपलीकडचे विद्वान वाचतात, याचा त्या मुलाला किती आनंद झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्यानंतर त्यांचे निबंध एकामागून एक प्रसिद्ध होऊ लागले. १८८५ साली गणितात आणि १८८६ साली पदार्थविज्ञानात त्यांनी एम्. ए.ची परीक्षा दिली. एकाच विद्यार्थ्याने दोन विषयांत ही पदवी मिळविल्याचा प्रसंग त्या विद्यापीठात पूर्वी घडलेला नव्हता.

त्याच वर्षी त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. या शिष्यवृत्तीचे नाव मुंबईकरांना परके वाटण्याचे कारण नाही. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई मनोरा ज्या प्रेमचंद शेटजींनी आपल्या मातेच्या स्मरणार्थ उभारविला, त्यांनीच १८६६ साली कलकत्ता विद्यापीठाला दोन लाख रुपयांची देणगी दिली होती. त्या देणगीतून चालविलेली ही शिष्यवृत्ती मिळणे म्हणजे विद्यार्थिजीवनाचा कळस गाठणे, असे बंगालमध्ये मानले जाई.

पण कळस गाठल्यावर पुढे काय? आशुतोषांच्या मनात गणिताचे संशोधन करीत आयुष्य घालवावे असे होते. शिक्षणखात्याने त्यांना नोकरी देऊ केली. तेव्हा युरोपीय अध्यापकांना जो दर्जा आणि जे वेतन मिळते, तेच मलाही मिळाले पाहिजे, असे या तरुणाने स्पष्टपणे सांगितले. हिंदी मनुष्याला तो दर्जा देण्याची सरकारची तयारी नव्हती आणि कमी दर्जा पत्करण्याची आशुतोषांची नव्हती. विद्यापीठातच त्यांच्यासाठी एखादे संशोधनाचे अध्यासन निर्माण करावे, अशी काही वडीलधाऱ्या विद्वानांची इच्छा होती. परंतु तेवढा पैसा काही उभा राहिला नाही. काही दिवस त्यांनी डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांच्या विज्ञानसंवर्धन संस्थेत गणितावर व्याख्याने दिली. अखेर १८८८ साली कायद्याची पदवी घेऊन ते वकिलीकडे वळले. ज्याच्या हातून गणितात मोठे कार्य व्हावयाचे, तो तरुण दस्तऐवजांत आणि खटल्यांत गुंतला. यात त्यांचे स्वतःचे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. वकिलीत त्यांनी पैसा व कीर्ती दोन्ही मिळविली, १८९४ साली ते कायद्याचे डॉक्टर झाले आणि १९०४ साली कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. नुकसान झाले ते गणिताचे. ही गोष्ट ते कधी विसरले नाहीत.

विद्यापीठाशी त्यांचा संबंध मात्र तुटला नाही. १८८९ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, ते विद्यापीठाचे फेलो आणि सिंडिकेटचे सभासद झाले. दाढीमिशा पिकलेल्या सभासदांमध्ये हा तरुण बसू लागला. विद्यापीठाचे नियम, ठराव, जमाखर्च, परीक्षकांचे अहवाल या रुक्ष कागदांचा त्याने असा काही अभ्यास केला की थोड्याच वर्षांत कोणत्याही प्रश्नावर त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणालाही नसे. १८९१ साली विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना मानाचे स्थान द्यावे अशी सूचना त्यांनी पुढे आणली. ती फेटाळली गेली. आशुतोष गप्प बसले, पण सूचना त्यांनी मनात जपून ठेवली.

१९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत विद्यापीठांचा नवा कायदा झाला. हा कायदा विद्यापीठांवर सरकारची पकड घट्ट करण्यासाठी आहे, असे लोकांना वाटले आणि ते खोटेही नव्हते. वरिष्ठ कायदे मंडळात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याला कसून विरोध केला. आशुतोषांचेही त्यावर आक्षेप होते. परंतु त्याच कायद्यात एक लहानसे कलम होते. विद्यापीठांनी स्वतः प्राध्यापक नेमावेत, ग्रंथालये व प्रयोगशाळा चालवाव्यात आणि संशोधनास उत्तेजन द्यावे, अशी मुभा त्या कलमाने दिलेली होती. इतरांनी कायद्यातील बेड्या पाहिल्या. आशुतोषांनी बेड्यांबरोबर ही किल्लीही पाहिली. दोन वर्षांनी, १९०६ च्या मार्च महिन्यात, ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि ती किल्ली त्यांच्या हाती आली.

कुलगुरूचे पद त्या काळी बिनवेतनी होते. दिवसभर उच्च न्यायालयात न्यायदान करावे आणि सकाळ-संध्याकाळ विद्यापीठाचे काम पाहावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. ओळीने चार वेळा, म्हणजे १९१४ पर्यंत आठ वर्षे, त्यांनी तो चालविला. भवानीपूरच्या त्यांच्या घराचे दार पहाटेपासून उघडे असे. कोणी फीच्या माफीसाठी येई, कोणी नोकरीसाठी, कोणी आपला निबंध दाखविण्यासाठी. धिप्पाड देह, झुपकेदार मिशा आणि घनगंभीर आवाज यांमुळे प्रथमदर्शनी त्यांची भीती वाटे; लोक त्यांना बंगालचा वाघ म्हणत. परंतु त्या तरुणांपैकी कोणात काही गुण आहे असे दिसले, की तो या वाघाच्या दारातून सहसा रिकाम्या हाताने परतत नसे.

त्यांची ही गुणग्राहकता महाराष्ट्रालाही ठाऊक झाली. धर्मानंद कोसंबी हे गोमंतकातील साधे गृहस्थ बुद्धाच्या धर्माचा शोध घेत सिंहलद्वीपापर्यंत व ब्रह्मदेशापर्यंत जाऊन, पाली भाषेत पारंगत होऊन कलकत्त्यास आले होते. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. आशुतोषांनी पदवी न पाहता विद्या पाहिली आणि त्यांना कलकत्ता विद्यापीठात पाली शिकविण्याच्या कामावर नेमले. पुढे १९०८ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले त्याहून पुष्कळ लहान वेतन पत्करून कोसंबी महाराष्ट्रात परतले. आपल्या लोकांना आपल्या भाषेत बुद्धाची ओळख करून द्यावी ही त्यांची तळमळ होती. कलकत्त्याच्या दृष्टीने तो तोटा झाला खरा, पण पाली भाषेचा अभ्यास पुढे पुण्या-मुंबईत रुजला तो त्यामुळेच.

एकेक पंडित गोळा करणे हे काम मोठे असले तरी तेवढ्याने विद्यापीठ उभे राहत नाही. अध्यासनांना वेतने लागतात, प्रयोगशाळांना इमारती आणि उपकरणे लागतात. सरकार अध्यासनांसाठी थोडेबहुत देत असे; परंतु विज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालय काढावयाचे तर लाखो रुपये हवे होते. या वेळी दोन वकील पुढे आले. त्यांपैकी पहिले सर तारकनाथ पालित. आपले धन त्यांनी आधी स्वदेशी चळवळीतून निघालेल्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेस दिले होते. १९१२ साली त्यांनी आपली जमीन, घर आणि पैसा मिळून सुमारे १५ लाख रुपयांची मालमत्ता विद्यापीठाच्या स्वाधीन केली. दुसरे सर रासबिहारी घोष. त्यांनी १९१३ साली दहा लाख रुपये दिले. दोघांचीही एक अट समान होती : या पैशातून निघणाऱ्या अध्यासनांवर हिंदी मनुष्यच नेमला पाहिजे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्याला हिंदी म्हणून कमी दर्जाची नोकरी देऊ करण्यात आली होती, त्या गणिताच्या विद्यार्थ्याला ही अट वाचून काय वाटले असेल?

या देणग्यांना जोड म्हणून हिंदुस्थान सरकारने मोठी रक्कम द्यावी, अशी विनंती विद्यापीठाने केली. सरकारने ती मान्य केली नाही. तेव्हा परीक्षांच्या फीमधून उरलेला पैसा मुठीमुठीने बाजूला काढून आशुतोषांनी काम पुढे रेटले. कुलगुरूपदाची मुदत संपण्यास अवघे चार दिवस उरले असताना, २७ मार्च १९१४ रोजी, त्यांनी विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसविली. इमारत उभी राहीपर्यंत ते अधिकारावर राहणार नव्हते. तरीही पदव्युत्तर शिक्षणाची सूत्रे पुढेही त्यांच्याच हाती राहिली आणि ज्याची त्याची नेमणूक त्यांच्याच सल्ल्याने होत गेली.

रसायनशास्त्राच्या पालित अध्यासनासाठी आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्याइतका योग्य मनुष्य दुसरा नव्हता. १९१६ साली प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून निवृत्त होताच ते विज्ञान महाविद्यालयात आले आणि तेथेच एका खोलीत राहू लागले. १९२१ साली वयाची साठ वर्षे पुरी झाल्यावर आपले पुढील सर्व वेतन त्यांनी विद्यापीठालाच देऊन टाकले. पदार्थविज्ञानाच्या अध्यासनाची निवड मात्र धाडसाची होती. चंद्रशेखर व्यंकट रामन हे कलकत्त्यातील सरकारी हिशेबखात्यात मोठे अधिकारी होते. कचेरी सुटल्यावर आणि कचेरी भरण्यापूर्वी ते महेंद्रलाल सरकारांच्या संस्थेत प्रयोग करीत बसत. हीच ती संस्था, जेथे एके काळी आशुतोषांनी गणितावर व्याख्याने दिली होती. हिशेबांत दिवस घालवून चोरट्या वेळात विज्ञानाची उपासना करणारा हा तरुण त्यांना आपल्याच पूर्वायुष्याचे चित्र वाटला असल्यास नवल नाही. त्यांनी रामन यांना अध्यासन देऊ केले. नव्या जागेचे वेतन सरकारी वेतनाच्या जवळजवळ निम्मे होते. रामन यांनी त्याकडे पाहिले नाही. आणखी एक अडचण होती. अध्यासनाच्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाने परदेशी जाऊन शिक्षण घेतलेले असावयास हवे होते. रामन यांनी परदेश पाहिला नव्हता आणि केवळ शिक्का मिळविण्यासाठी तेथे जाण्यास ते तयार नव्हते. तेव्हा आशुतोषांनी ते कलमच आड येऊ दिले नाही. १९१७ साली रामन कामावर रुजू झाले.

तरुण अध्यापकांची कथा याहून मनोरंजक आहे. १९१५ साली मिश्र गणितात एम्. एस्सी. होऊन सत्येंद्रनाथ बोस पहिले आणि मेघनाद साहा दुसरे आले. हे दोघे व त्यांचा एक मित्र असे तिघे तरुण धीर करून आशुतोषांच्या घरी गेले. आधुनिक पदार्थविज्ञान आणि गणित यांचे जे नवे विषय युरोपात शिकविले जातात, ते येथे का शिकविले जाऊ नयेत, असे त्यांनी विचारले. तुम्हाला त्यांतले काय शिकविता येईल, असा उलट प्रश्न आला. खरे म्हणजे त्यांतले बरेचसे त्यांना स्वतःलाच अजून शिकावयाचे होते. परंतु जे सांगाल ते शिकून घेऊन शिकवू, असे त्यांनी आश्वासन दिले. आशुतोषांनी त्यांना शिष्यवृत्त्या दिल्या आणि तयारीला लावले. महायुद्ध चालू असल्यामुळे युरोपातून पुस्तके मिळेनात, उपकरणे मिळेनात. शिवपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील ब्रूल नावाच्या अध्यापकांकडे जर्मन ग्रंथ होते. ते उसने आणून, जर्मन भाषा शिकून, या तरुणांनी रात्री जागवल्या. तिघांपैकी मित्राचा क्रांतिकारकांशी संबंध असल्याचा पोलिसांना संशय आला आणि त्याला देश सोडून जावे लागले. उरलेल्या दोघांनी शब्द पाळला. १९२० साली बोस आणि साहा यांनी आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचे इंग्रजी भाषांतर तयार केले आणि कलकत्ता विद्यापीठाने ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी साहा यांनी ताऱ्यांच्या तापमानाचा व त्यांच्या प्रकाशातील रेषांचा संबंध उलगडणारा आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. तेव्हा त्यांचे वय २७ वर्षांचेही नव्हते.

विज्ञानाइतकीच आशुतोषांना भाषांची आणि इतिहासाची आवड होती. १९१७ सालापासून कलकत्त्यातील पदव्युत्तर शिक्षणाची सारी व्यवस्था विद्यापीठाने आपल्या हाती घेतली. पूर्वी एम्. ए.चे वर्ग काही महाविद्यालयांत आपापल्या परीने चालत. एखाद्या विषयाचा एक जाणता अध्यापक एका ठिकाणी, तर त्याला लागणारे ग्रंथ दुसऱ्या ठिकाणी, असा प्रकार असे. आता अध्यापक, ग्रंथालय आणि विद्यार्थी एकत्र आले. प्राचीन भारतीय इतिहासाच्या अध्यासनावर त्याच वर्षी पुण्याहून देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांना बोलावून घेण्यात आले. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे हे सुपुत्र पुराणवस्तुखात्यात शिलालेखांच्या वाचनात मुरलेले होते. १९३६ पर्यंत ते कलकत्त्यासच राहिले. तत्त्वज्ञानाच्या अध्यासनासाठी १९२१ साली म्हैसूरहून राधाकृष्णन आले. बंगालचे विद्यापीठ म्हणून बंगाल्यांनाच जागा, असा संकुचित विचार आशुतोषांनी कधी केला नाही. भारतीय कलांच्या अध्यासनावर चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर बसले आणि भाषाशास्त्राच्या अध्यासनावर सुनीतिकुमार चतर्जी आले.

आणि १९१९ साली, ती फेटाळलेली सूचना मांडल्यास अठ्ठावीस वर्षे झाल्यावर, देशी भाषांत एम्. ए. होण्याची सोय कलकत्ता विद्यापीठात झाली. बंगाली भाषेत एम्. ए. व्हावयाचे म्हणजे काय, असे म्हणून काही पदवीधरांनी नाके मुरडली. पण या परीक्षेस बसणाऱ्याने स्वतःच्या भाषेबरोबर दुसऱ्या एका भारतीय भाषेचाही अभ्यास करावा, अशी योजना होती. हिंदुस्थानातील भाषांनी एकमेकींस ओळखावे, हा त्यातील हेतू.

या साऱ्या उद्योगावर टीका झाली नाही असे नाही. विद्यापीठाने झेपणार नाही एवढा पसारा मांडला आहे, काही विषयांना विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि अध्यापकच अधिक आहेत, असे टीकाकार म्हणत. प्रवेश परीक्षेत पुष्कळ मुले उत्तीर्ण केली जातात, कारण त्यांच्या फीवरच वरचे वर्ग चालतात, असाही आक्षेप होता. त्यात काही तथ्य होते. सर्व सूत्रे एकाच हाती ठेवण्याचा आशुतोषांचा स्वभाव होता आणि विरोध त्यांना फारसा रुचत नसे, हेही खरे. परंतु पाटण्याला १९१७ मध्ये, रंगूनला १९२० मध्ये आणि ढाक्याला १९२१ मध्ये नवी विद्यापीठे झाली. कलकत्त्याचे विद्यार्थी त्यामुळे कमी झाले आणि फीचे उत्पन्न घटले. खर्च मात्र तसाच राहिला. १९२१ साली आशुतोष पुन्हा कुलगुरू झाले, तेव्हा तिजोरी जवळजवळ रिकामी होती. पदव्युत्तर वर्गांच्या अध्यापकांना काही महिने वेतनही मिळाले नाही.

१९२२ साली बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण ते अटींसह. विद्यापीठाने आपला जमाखर्च सरकारच्या नियंत्रणाखाली ठेवावा आणि सरकारी अनुमतीवाचून नवा खर्च वाढवू नये, असा त्या अटींचा रोख होता. एका बाजूला वेतनाची वाट पाहणारे अध्यापक आणि त्यांची मुलेबाळे. दुसऱ्या बाजूला विद्यापीठाचा आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क. त्या वर्षीच्या डिसेंबरात सिनेटची सभा भरली. आशुतोष बोलावयास उठले. पैशासाठी विद्यापीठाचे स्वातंत्र्य विकता येणार नाही. सरकार देत नसेल तर आपण बंगालच्या घरोघरी हात पसरू, अध्यापक उपाशी राहतील पण दास होणार नाहीत, अशा आशयाचे ते भाषण होते. ज्यांची वेतने थकली होती असे अध्यापकही त्यांच्या बाजूला राहिले. विद्यापीठाने अटी नाकारल्या.

पुढे १९२३ च्या मार्चमध्ये कुलगुरूपदाची मुदत संपत आली. बंगालचे राज्यपाल लॉर्ड लिटन हे विद्यापीठाचे कुलपती होते. सरकारला विरोध न करता सहकार्य करण्याचे वचन मिळाल्यास आशुतोषांची पुन्हा नेमणूक करू, असे त्यांनी पत्राने कळविले. आशुतोषांनी दोनच दिवसांत त्याला सविस्तर उत्तर दिले आणि असल्या अटीवर देऊ केलेले पद स्वीकारण्यास साफ नकार दिला. त्याच वर्षीच्या आरंभी त्यांची कन्या कमला मरण पावली होती. ती बालविधवा झाली असताना १९०८ साली समाजाच्या रोषाची पर्वा न करता त्यांनी तिचा पुनर्विवाह करून दिला होता. दुर्दैवाने दुसऱ्यांदाही तिच्या कपाळी वैधव्यच आले. तिच्या स्मरणार्थ त्यांनी विद्यापीठात एक व्याख्यानमाला सुरू केली. दुःखही या मनुष्याने शेवटी विद्यापीठाच्याच पायाशी नेऊन ठेवले.

१९२३ च्या अखेरीस ते न्यायाधीशाच्या पदावरूनही निवृत्त झाले. आता सारा वेळ विद्यापीठाला द्यावयाचा असा त्यांचा मानस होता. पण जुन्या व्यवसायातील एक मोठा खटला हाती आल्यामुळे ते पाटण्यास गेले. तेथेच थोड्याशा आजारानंतर २५ मे १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा देह कलकत्त्यास आणला गेला तेव्हा रस्ते माणसांनी फुलून गेले होते. त्यांचा ८०,००० हून अधिक ग्रंथांचा संग्रह १९४९ साली कुटुंबीयांनी कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दिला.

आशुतोष गेल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, ४ जून १९२४ रोजी, सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला एक लहानसा निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला. बोस तेव्हा ढाका विद्यापीठात शिकवीत होते. आइन्स्टाइन यांनी तो निबंध स्वतः जर्मन भाषेत उतरवून छापविला आणि बोस यांचे नाव जगभर झाले. चार वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, कलकत्त्यात रामन यांना प्रकाशाच्या विकिरणाचा तो शोध लागला, ज्याबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळीही ते पदार्थविज्ञानाचे पालित प्राध्यापक होते.